उजव्या दारातले चष्मेकाका

प्रिय ताई,

आधीच बजावते, हसू नकोस, खुब्याचे टाके ओढले जातील. आज सभागृहात जे झालं ते तुझ्या पक्षाची माणसं तुला फोनवर भलतंच सांगतील, म्हणून आजच लिहायला बसलेय.

गणित तुला तोंडपाठ आहे. पण शेजारच्या खाटेवरच्या आजींना तू हे पत्र वाचून दाखवणार, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. खुर्च्या एकशे एकवीस. अध्यक्ष सोडले तर साठ आमच्या आघाडीचे, साठ तुमचे. मत द्यायचं ते चालत जाऊन: ‘होय’वाले उजव्या दाराबाहेरच्या बोळात, ‘नाही’वाले डाव्या, आणि घंटा वाजली की दारं बंद. मतं समसमान पडली तरच अध्यक्ष मत देतात, आणि रिवाजाप्रमाणे ते जुना कायदा राखतात. तू आजारी म्हणून मी तुझी जोडीदार झाले: तू येत नाहीस तोवर मीही मत द्यायचं नाही. म्हणजे एकोणसाठ-एकोणसाठ. नर्सना आठ तासांची पाळी देणारं विधेयक, मी तीन वर्षं खपून तयार केलेलं, माझ्याच शब्दापायी पडणार! आमच्या प्रतोदाने, म्हणजे मतदानाला आम्हाला हाकत नेणाऱ्या गृहस्थाने, सकाळपासून माझं डोकं खाल्लं. म्हणे, बहिणीला दिलेला शब्द घरी पाळा. मी म्हटलं, घरी नाही, इथेच दिलाय.

घंटेला पाच मिनिटं असताना मी उठले. आत गारठा होता, म्हणून तुझी राखाडी शाल पांघरली होती. कॅन्टीनला जायला जवळचा रस्ता उजव्या दाराचा, ‘होय’वाल्यांच्या बोळातून, म्हणून तिथून निघाले. आणि तुमचे चष्मेकाका! अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसतात. दारावरची पाटी त्यांना दिसत नाही आणि ते कबूलही करत नाहीत. मतदान आलं की गुपचूप तुझ्या पाठोपाठ चालायचं, एवढंच. पाठमोऱ्या आपण दोघी सारख्याच, त्यात ती शाल. तू दवाखान्यात आहेस हे विसरून आले माझ्या मागे! मी कॅन्टीनमध्ये पोचले, ते बोळात चष्मा पुसत थांबले. घंटा वाजली, दोन्हीकडची दारं बंद झाली. उजव्या बोळात सापडला तो ‘होय’. आमच्या एकोणसाठांच्या गराड्यात काका विचारतायत, आज आपल्यात एवढे नवीन चेहरे कुठून आले रे?

साठ विरुद्ध अठ्ठावन्न! विधेयक मंजूर! बाकं बडवल्याचा आवाज कॅन्टीनपर्यंत आला. मी तर उडीच मारली, चहा तुझ्या शालीवर. माफ कर.

तो डाग पुसता पुसता आठवलं. लहानपणी पत्ते खेळताना मी तुझी पानं चोरून बघायचे आणि जिंकायचे. तुला कळायचं, पण तू कधी बोलली नाहीस. तसं जिंकणं आता पचलं नसतं. काकांना हाताला धरून अध्यक्षांच्या दालनात गेले आणि झाली गोष्ट लिहून दिली. अध्यक्षांनी निकाल रद्द केला. सोमवारी फेरमतदान. प्रतोद माझ्याशी बोलत नाही, तेवढीच शांतता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टर म्हणतात, सोमवारी तुला चाकांच्या खुर्चीत बसवता येईल. तू आलीस की आपली जोडी सुटली, मीही मत देणार. तू नेहमीसारखी डावीकडे गेलीस तर साठ-साठ, आणि विधेयक पडलं. उजवीकडे आलीस तर काय, ते आजीसुद्धा सांगतील. पक्षात यायच्या आधी तू बारा वर्षं नर्स होतीस, तुला मी काय शिकवणार? फक्त आत्ता जी मुलगी उशी सरळ करायला येईल, तिला विचार, किती तास उभी आहेस गं? सोमवारी मी न्यायला येते. खुर्ची मीच ढकलेन, दोन दारांच्या मधोमध थांबवेन आणि तू सांगशील तिकडे वळवेन. या वेळी पानं बघणार नाही.

तुझीच, अजूनही उड्या मारणारी,
धाकटी