बायकांसाठीचं छोटं पिस्तूल

बायू तेश ओढ्याच्या काठावरून,
१२ जुलै

प्रिय क्लोटिल्डताई,

तुझा गुडघा तुला जिना चढू देतो का, आणि मोबील शहराची हवा अजून मानवते का, ते आधी कळव. मी बरी आहे. फक्त या आठवड्यात देवापेक्षा पिस्तुलांविषयीच जास्त ऐकलं. (आपल्या शाळेतल्या सिस्टर अगाथांना कळतं, तर त्यांनी शंभर ओळी लिहून घेतल्या असत्या.)

झालं असं, की एमील गेल्यापासून मी या घरात एकटी राहते, हे माझ्या लेकाला, रेमीला बघवत नाही. रविवारी त्यानं बजावलं, घरात पिस्तूल ठेव, नाहीतर महिनाअखेर घर विकून ह्यूस्टनला माझ्याकडे चल. अकराव्या मजल्यावर, ताई! तिथं मी कोंबड्या कुठं ठेवू? म्हणून सोमवारीच ऑक्टेव्ह भाऊजींबरोबर दुकान गाठलं.

दुकानदारानं मला एकवार न्याहाळलं आणि सर्वांत छोटं, सिग कंपनीचं, पुढं केलं. "बायकांना हेच बरं, मॅडम. पर्समध्ये मावतं." (माझ्या पर्समध्ये जपमाळ आणि शिंकांचे रुमाल मावतात, तेवढं पुरे.) भाऊजी उसळले. "वहिनी, ग्लॉकच घ्या. वर बोटानं लावायचा सुरक्षेचा खटका नाही, काही नाही. चाप ओढला की सुटलं!" मी म्हटलं, म्हणूनच तर भीती वाटते. मग दोघंच वीस मिनिटं भांडले. माझ्या लक्षात आलं, जो तो मला तेच घ्यायला सांगत होता, जे त्याची बायको त्याला घेऊ देत नाही. दोन्हींचं अंग प्लॅस्टिकचं, वरचा सरकता भाग पोलादी. ग्लॉकचा तो भाग माझ्या संधिवाताच्या बोटांनी मागं सरकेना, तर भाऊजी "जोर लावा वहिनी, जोर लावा!" असं ओरडत होते. रेमीच्या जन्माच्या वेळीसुद्धा एवढं कोणी ओरडलं नव्हतं.

दुकानामागच्या नेमबाजीच्या आवारात छोटं चालवून पाहिलं. ते असं उसळलं, की माझा चष्मा हनुवटीवर आला आणि गोळी शेजारी नेम धरणाऱ्याच्या निशाणाच्या कागदाला लागली. तिथं शिकवणारी मॅव्हिस नावाची सत्तरीची बाई हसत आली. "अगं, छोटं जास्त लाथ मारतं. अंगात वजन नको? या बाप्यांना ठाऊक असतं, तरी बाई दिसली की छोटंच काढतात." तिनं हातात स्मिथ अँड वेसनचं मोठं दिलं, ज्याचा वरचा भाग अशक्त हातांनाही मागं ओढता येतो असं. पाच गोळ्या, पाचही ताटलीएवढ्या जागेत. भाऊजी जवळ जाऊन भोकं दोनदा मोजून आले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

अजून काही ठरवलेलं नाही.

तुझी धाकटी,
ओडील

ता. क. रेमीची अट मी अर्धीच सांगितली. तो म्हणाला, पिस्तूल ठेव, किंवा सोबतीला माणूस. तर महिनाअखेरीच्या आत तू ये, कायमची. मागची खोली झाडून ठेवली आहे. तू आलीस तर घर वाचेल.

ता. क. २. असं तुला अडकवणं बरोबर नाही; काही ठरवलेलं नाही, हे वर खोटं लिहिलं. पिस्तूल मी कालच घेतलं, मॅव्हिसनं दिलेलंच, आणि कुलपाच्या पेटीत ठेवलं. रेमीनं फोनवर मान्य केलं. घर राहिलं. आता तू नाही आलीस तरी मला इथून कोणी हलवत नाही.

तरी ये. अंजिरं पिकली आहेत, आणि शिडी धरायला कोणी नाही.