आरसा गेला, सावली उरली

श्रीयुत व्याहीबुवा यांच्या सेवेशी,

सप्रेम नमस्कार, विनंती, विशेष. (यातला नमस्कार आत्ताच पोचला असं समजावं, विशेष पुढे ऐसपैस येईल, आणि विनंती कुठं बसवायची ते मला अजून सुचलेलं नाही.) आपण आमच्याकडून सुखरूप घरी पोचलात, विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार आहे, दवाखान्यात दात दुखणाऱ्यांची रीघ लागली आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. कारण काल मी आपल्याला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हेच विचारून ठेवून दिला. तिसऱ्यांदा विहीणबाईंनीच काळजीनं विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? बरी आहे. आपण बसवून दिलेली कवळी तर इतकी झकास आहे की तोंडात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. फोनवर जे जमलं नाही ते कागदावर जमतं का बघतो, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

आपल्याला कारखाना दाखवायचा बेत माझाच. त्यात थोडा स्वार्थ होता, लपवत नाही. येत्या शनिवारी विमान कंपनीचे लोक तपासणीला येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर ‘आपल्या भागातील विमान-उद्योगाची बलस्थानं आणि विकासाच्या संधी’ या विषयावर बोलायचं लोढणं लघुउद्योजक संघानं माझ्या गळ्यात अडकवलं आहे. (अध्यक्षांचा घसा बसला आहे म्हणे. विषय कळल्यापासून बसला आहे.) ते भाषण आपल्यावर घोटून घ्यावं म्हणून मी गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झालो होतो. बलस्थानांच्या वेळी आपण जांभई दिलीत, पण माझी तक्रार नाही. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघणाऱ्याला एखाद्या दिवशी स्वतःचं उघडायचा हक्क आहे.

तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्यावाचून मला घास उतरत नाही. आमची ही गल्ली पूर्वी शिलाईयंत्रांचे आणि पाण्याच्या पंपांचे भाग बनवायची. माझं लेथवरचं कातकाम, शेजारी पोलादाला पाणी देणारा, समोर मुलामा चढवणाऱ्या दोघी बहिणी (एकमेकींशी बोलत नाहीत, पण मुलाम्यात एक फोड दाखवा!), आणि कोपऱ्यावर भाग पाठवायची खोकी करणारा. माझा एखादा बुश (दांड्यावर चपखल बसणारी छोटी नळी) केसाच्या एका पदराएवढा जाड झाला, तर दुसरीकडे महिनाभर पत्रापत्री चालेल. इथे मी पायात चपला न घालता शेजारी जातो, कडाडून भांडतो, चहा पितो आणि जेवायच्या आत दुरुस्त बुश घेऊन घरी येतो. यालाच मी भाषणात ‘मजबूत पुरवठासाखळी’ असं नाव दिलं आहे. आता संधी. आजवर आमचे सुटे भाग खोक्यात बसून परमुलखात जायचे, जोडायचे दुसरेच. म्हणजे स्वयंपाक आमचा आणि पंगतीत वाढून शाबासकी खाणारा भलताच. या वेळी पहिल्यांदा अख्खा फ्लॅप इथे जुळवला आहे. विमान उतरताना पंखाच्या मागच्या कडेनं खाली सरकते ना, ती लांबलचक झडप. हा पास झाला तर पुढे शेपटाचं काम मिळेल, जुन्या विमानांची दुरुस्ती इथे येईल, इथल्या पोरांना शिकून बाहेर पळायला नको. नापास झाला तर आम्ही पुन्हा बुश करत बसायचं, एवढा साधा हिशेब आहे.

तर असा तो फ्लॅप आपण, गल्लीतल्या सगळ्यांचे भाग जिथे जुळतात त्या कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये पाहिलात, आणि त्याच्याशेजारी हातात चिमणी बॅटरी घेऊन उभी असलेली आपली सूनबाई, म्हणजे माझी लेक, पाहिलीत. तपासनीस आहे ती तिथली. तिनं सही केल्याशिवाय खोक्यावर झाकण चढत नाही. तेव्हा परतताना आपण सहज बोलून गेलात की, इथं हिला नुसतं बघायचंच तर काम आहे. बघायचंच असेल तर दोघांनी आमच्या गावी यावं, चिरंजीवांना तिथेही शाळामास्तरकी मिळेल आणि सूनबाईंनी दवाखान्याच्या काउंटरवर बसून बघावं. मी हसलो. मुलीचा बाप हसतोच. पण खरं सांगू, ते वाक्य मला रात्रभर कुसळासारखं टोचलं. (हे खोडणार होतो. सौ. म्हणाली, राहू दे.)

आता आपल्याला आठवत असेल, शेडच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या आकाराची काळी सावली त्यावर रंगवलेली, आणि त्या सावलीवर ते हत्यार टांगलेलं. पक्कड काढली की मागे काळी पक्कड दिसते, म्हणजे कोण गैरहजर ते लांबूनच कळतं. हे थेर कशाला, तर एखादं हत्यार पंखाच्या पोटात राहिलं आणि वर आकाशात घरंगळून कुठे अडकलं, तर काय होईल ते लिहायलासुद्धा माझा हात धजत नाही. त्या फळ्यावर एक आरसा होता. लांब दांडी, टोकाला गोल काच, फ्लॅपच्या आतले कोपरे बघण्यासाठी. तो पाहून आपला चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं! आपण कोटाच्या वरच्या खिशातून आपला दातांचा आरसा काढलात, दोन्ही शेजारी धरलेत, मग आमच्या आरशानं फ्लॅपमध्ये डोकावून ‘शेवटची दाढ जरा जपा’ असा सल्लाही दिलात. कामगार अजून त्या कोपऱ्याला शेवटची दाढ म्हणतात. आणि मग शिस्तीचं कौतुक करत आपण आपल्या हातानं आरसा जागच्या जागी टांगलात. ‘एक’ आरसा टांगलात, एवढंच मी खात्रीनं म्हणू शकतो.

आपली गाडी सुटली आणि इकडे शेवटचा पत्रा रिव्हेट मारून बंद झाला. लेक नेहमीप्रमाणे फळ्यासमोर उभी राहिली. सगळी हत्यारं हजर, आरसासुद्धा जागेवर. पण त्याच्या दांडीखाली सावली बोटभर बाहेर डोकावत होती. तिनं आरसा काढून उलटसुलट पाहिला. आमच्या आरशाच्या दांडीवर सतरा नंबर कोरलेला आहे. यावर काही नव्हतं, फक्त लवंगेच्या तेलाचा वास येत होता. (तो वास सबंध शेडनं रांगेत येऊन घेतला. मी सगळ्यांत शेवटी घेतला आणि मला दरदरून घाम फुटला.)

मग जी काही धांदल उडाली! बंद केलेला पत्रा रिव्हेट पोखरून पुन्हा उघडला. कचऱ्याचे डबे चाळले. सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. शेडप्रमुखांच्या खिशातून कंगवा निघाला आणि त्यांच्या डोक्याकडे बघायचं धाडस कोणाला होईना. मी गल्लीतलाच असलो तरी मलाही सोडलं नाही. माझ्या खिशातून जी वस्तू निघाली ती लेकीनं नियमाप्रमाणे पिशवीत घालून मोहोरबंद केली, आणि प्रकरण मिटेपर्यंत ती मिळणार नाही असं सख्ख्या बापाला सुनावलं. वस्तूचं नाव इथे घेत नाही. सांगायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला... जाऊ दे, ही म्हण इथे शोभत नाही.

आता विशेष संपत आलं, पण एक सांगायचंच आहे. आमचे शेडप्रमुख ‘आत्ताच्या आत्ता’ या नावानं ओळखले जातात, कारण त्यांना सगळं तसंच हवं असतं. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन समजावलं की, आरसा कुणी नेला हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. या नव्या आरशावर सतरा कोर आणि सही करून मोकळी हो, शनिवार तोंडावर आलाय. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. तशी मीही मान डोलावली, उगाच कशाला खोटं बोलू? तर ती म्हणाली, “सासऱ्यांचा आरसा कुठे आहे ते मला दिसतंय. सतरा नंबर कुठे आहे ते दिसत नाहीये. बहुतेक त्यांच्या खिशात असेल. बहुतेकवर मी सही करत नाही.” शनिवारपर्यंत आरसा मिळाला नाही, तर पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत आमचा पहिलावहिला फ्लॅप तुकडे करून तपासायचा, असं तिनंच लिहून ठेवलं आहे. व्याहीबुवा, माझं सगळं भाषण एकीकडे आणि ते वाक्य एकीकडे. पोलाद आम्ही पैशाला पासरी आणू, यंत्रं कर्ज काढून आणू. पण अशी ‘नुसती बघणारी’ पोर कुठून आणायची? मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं, पण आपला कोट त्याआधी समोर आणून ठेवावा. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही असावा.

आपला,
मुलीचा बाप

ता. क. विनंती राहिली. हे पत्र घेऊन जावईबापू स्वतः येत आहेत आणि उत्तर घेतल्याशिवाय ते परतणार नाहीत. उत्तर कागदावर नको. ते वीतभरापेक्षा जरा लांब असावं, टोकाला गोल असावं आणि दांडीवर सतरा असावा. आपल्या एखाद्या रोग्याच्या तोंडात असेल तर आधी धुऊन द्यावं.

ता. क. दुसरा. खिशातली ती वस्तू म्हणजे आपली कवळी. सुरुवातीला लिहिलं ते अक्षरशः खरं आहे, ती तोंडात नसतेच. डाव्या बाजूला फार चावते हो! आरसा आला की तीही सुटेल, नाहीतर शनिवारी ‘बलस्थानं’ म्हणताना पाहुण्यांच्या अंगावर नुसता वारा जाईल.

ता. क. तिसरा. लेकीनं पत्र वाचलं. ती सांगते आहे की, सासऱ्यांचा आरसा टपालानं पाठवणार नाही. त्यांनी शनिवारी यावं, सतरा नंबर मी त्यांच्यासमोर वाचीन, तो सावलीवर बसवीन, मगच सही करीन, आणि ती सही त्यांनी बघावी. माझं आपलं एवढंच म्हणणं की, दवाखान्याच्या काउंटरवर माणूस हवाच असेल तर मी येतो. बोळकं घेऊन बसेन, त्यानं आपला धंदा वाढेल. तिला मात्र इथेच बघत राहू द्या.