मुळांना चिमूटभर माती घातल्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
अपरिचित पीक पडताळणी कक्ष,
पौड, ता. मुळशी, जि. पुणे

विषय : नांदे येथील शेडमध्ये उरलेली एकमेव बाटली नष्ट करण्याचा आदेश रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचे पत्र. जावक क्रमांक आहे, अर्थ आढळला नाही.

महोदय,

१. अर्जदार दिशा रानवडे ही वडिलांच्या जमिनीवरील शेडमध्ये तंबाखूची मुळे वाढवते. ही मुळे मातीत नसतात. काचेच्या बाटलीत, साखर आणि क्षारांच्या निर्जंतुक पाण्यात, पानाखोडाशिवाय वाढतात. त्यांच्यात बाहेरचे एक जनुक घातलेले असल्याने ती एक प्रथिन तयार करतात, आणि फुरशाच्या विषावरील औषधासाठी त्याची चाचणी चालू आहे. हे सर्व अर्जदाराने आपल्या कक्षात येऊन वारंवार समजावून सांगितले. दर वेळी माना डोलावण्यात आल्या, हे मान्य केले पाहिजे.

२. त्यानंतर आपले पडताळणी सहायक श्री. कोंडिबा जोरी तपासणीस आले. बाटल्यांना हात लावू नका, असे अर्जदाराने हात जोडून विनवले आणि त्यांच्याच फर्माइशीवरून चहा सांगायला ती बाहेर गेली. परत येऊन पाहते तो गृहस्थांनी एकेका बाटलीचे बूच काढून आत बांधावरची चिमूट चिमूट माती घातलेली! वर म्हणाले, "ताई, मुळं हायेत आन् माती न्हाई, असं कुटं असतंय व्हय? पोरकी लेकरं वाटत्यात ती." त्यांच्या हाताला माया आहे, याबद्दल वाद नाही. त्या मायेने आठवडाभरात बाटल्यांत बुरशी माजली आणि मुळांचा काळा चिखल झाला. अर्जदाराची चार वर्षांची मेहनत त्यात गेली. ती ढसाढसा रडली, हेही नोंदीसाठी नमूद केले आहे.

३. वरच्या फळीवरची एक बाटली तेवढी वाचली, कारण श्री. जोरी यांचा हात तिथवर पोचला नाही. आपल्या कक्षाच्या कारभारातील उपयोगी पडलेली एवढीच बाब. आता आपण 'पीक रोगग्रस्त, कारण शेतकऱ्याची हयगय' असा शेरा मारून तीही नष्ट करण्याचा आदेश काढला आहे. रोग आणला कोणी, हे विचारण्याची तसदी घेतलेली नाही. उलट अंमलबजावणीस श्री. जोरी यांनाच नेमून, अर्जदाराने त्यांना शिडी पुरवावी, असे कळवले आहे. कक्षात विचार करणारा एखादा तरी माणूस असेल, अशी अर्जदाराला आशा होती. शिडीचे वाचून ती आशा सुटली.

४. ही बाटली गेली, तर या मुळांचे वाण संपले. दुसरे कुठेही नाही. सबब आदेश रद्द करावा आणि श्री. जोरी यांना पौडातच ठेवावे. पिकाचा रकाना भरणे भागच असेल, तर 'पडीक' लिहावे. शेडमध्ये काहीही उगवत नाही, असे अर्जदार सहीनिशी लिहून देत आहे. हे खोटे आहे. पण खरे सांगून पाहिले, त्याचे काय झाले ते वर दिलेच आहे.

आदर जमेल तेवढा राखून,
आपली नम्र अर्जदार,
(सही)
दिशा रानवडे
मु. नांदे, ता. मुळशी
दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. जैवसुरक्षा समितीच्या परवानगीची प्रत.
२. काहीही उगवत नसल्याचे प्रतिज्ञापत्र.