सर्व्हेतलं नाव

४ डिसेंबर

तिकीट सर्व्हेवर ठरणार म्हणे! पक्षाच्या शहापूरच्या ऑफिसात साहेबांनी दिपेशला सांगितलं — पंचायत समितीला तुझं नाव विचारात आहे, पण बाहेरची माणसं गावात येऊन विचारून जातील, लोक ज्याचं नाव घेतील तो उमेदवार. पोरगा हवेत आहे. मी नाही. टीव्हीवाले मतदान संपलं की आकडे नाचवतात आणि निकालादिवशी तोंड लपवतात. मला उभ्या जन्मात एकदाही कोणी विचारलेलं नाही. आमच्या आळीत कोणालाच नाही. मग विचारतात तरी कोणाला?

७ डिसेंबर

खर्चाचं ठरलं. तिकीट मिळालं की रंगूचं मुरबाडचं भातखाचर विकायचं. तिच्या बापाने ते तिच्या नावावर केलेलं, म्हणून मी रीतसर विचारलं. बायकोला न विचारता केलं असं नको! "तुमी बापलेक म्हणाल तसं," म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

टीव्हीत सून नवऱ्याला विसरली होती — तिसऱ्यांदा! डोक्याला लागलं की आठवण जाते, पुन्हा लागलं की येते. आमच्या आळीतला वाळू आंब्यावरून डोक्यावर पडला, तो अजून गावाच्या सोयरिकी तोंडपाठ सांगतो.

१० डिसेंबर

ज्याला विचारावं तो म्हणतो, "दिपेशच!" फार गोड बोलतात. मला हे लक्षण बरं दिसत नाही. मालिका बघून एक शिकलोय — जो सारखा "तुमच्या भल्यासाठी" म्हणतो, तोच खिरीत काहीतरी कालवतो. आज लडकू तेच म्हणाला, तेही दोनदा. माझा सख्खा चुलतभाऊ, पण त्याच्या साडूलाही हेच तिकीट हवंय.

१३ डिसेंबर

दुपारी घरी आलो तर मालिकेच्या रिपीटला आळीतल्या बाया जमलेल्या. मला दारात बघून सगळ्या गप्प. धोंडूबाईने टीव्हीचा आवाज वाढवला. जाहिरात चालू होती! जाहिरातीचा आवाज कोण वाढवतं?

लडकूची बायकोही होती. तिनेच काहीतरी पेरलं असणार.

१६ डिसेंबर

सर्व्हे झाला. दोन पोरी आल्या होत्या, टॅब घेऊन. नेमक्या पुरुष कामावर असताना. मी आटगावला. म्हणजे याही खेपेला मला कोणी विचारलं नाहीच.

रंगूला म्हटलं, तू काय सांगितलंस?

"आईला काय विचारता!" म्हणाली. बरोबर आहे.

जन्मभर सर्व्हेला थोतांड म्हणालो. आता हा एक तरी खरा निघावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसलोय.

१८ डिसेंबर

काही कळलं नाही. लडकू आज जरा जास्तच हसला.

२२ डिसेंबर

गेलं तिकीट. लडकूच्या साडूला!

साहेब दिपेशला म्हणाले, "तुमच्याच आळीतून तुझं नाव नाय आलं रे." आमच्या आळीतून! पोरगा जेवला नाही. "लडकूकाकाला दाखवतोच," म्हणत होता. मी अडवलं नाही. संध्याकाळी लडकू ओटीवर आला, मी उठून आत गेलो. मागून त्याचा आवाज — "कमळ्या, अरे झालं काय?"

काय पण नाटक!

२३ डिसेंबर

लिहू की नको?

रंगूने सांगितलं. भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. "लडकूभावजींना काय बोलू नका. मीच फिरले घरोघर. बायांना सांगितलं, पोरी विचारायला येतील तर माझ्या दिपेशचं नाव घेऊ नका."

मी ओरडलो. अगं, तुला विचारलं होतं ना!

मग वळली. "विचारलं? गिऱ्हाईक बघून आलात नि पुढ्यात उभे राहिलात दोघं. नाय म्हणायला जागा ठेवली होती का? माझा बाप त्या खाचरात गेला ओ. भाताची आवणी करता करता, चिखलात. तुमाला ठाऊक नाय?"

ठाऊक आहे. खांदा द्यायला मी होतो.

आधी राग आला, मग लाज वाटली. गावभर संशय घेत फिरलो, घरातल्या होकारावर कधी आला नाही. तिने चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

२४ डिसेंबर

सकाळी दिपेश दोन मित्र घेऊन लडकूच्या घराकडे निघाला. चाल भांडणाची. रंगू दारात आली, बोलणार तेवढ्यात मी पुढे झालो.

"लडकू नाय. बायांना मी सांगितलं, तुझं नाव घेऊ नका म्हणून."

"तुमी? का?"

"खाचर विकायचं नाय."

पोरगा तसाच वळून स्टेशनकडे निघून गेला. पहिलं खोटं बोललो. दुसरं बोलता बोलता खरं झालं.