सोनेरी दोरा आणि गाठीचा फोटो

९ मार्च
मॅडम फ्रेमाने आज माझ्या वेण्या घातल्या. सोनेरी जरीचा दोरा गुंफून! आणि उद्या माझ्या डोक्याचा एमआरआय. मागच्या वेळी सिस्टर म्हणाली होती, केसांत चमकीचं काही नको. मी तोंडातल्या तोंडात सांगितलं. मॅडम म्हणाली, "पोकुआ, हा दोरा आहे. लोखंड नाही." शाळा सोडल्यापासून मी तिच्या सलूनमध्ये काम शिकतेय. वाद कोण घालणार.

१० मार्च
मशीन आजही धाडधाड करत फुफूचे उकडलेले कंद कांडत होतं — उखळात माझं डोकं. तिथल्या माणसाने झुमके काढायला लावले, पिना आहेत का विचारलं. डोक्याला बांधलेल्या रुमालाखाली बघितलं नाही. मी बोलले नाही. मी कधी बोलते?

१४ मार्च
माझी गाठ डोक्याच्या आत, मानेच्या वर, मागे. फार हळू वाढते म्हणे. म्हणून दर सहा महिन्यांनी एमआरआयचा फोटो काढायचा, जुन्याशेजारी धरायचा. वाढली असेल तर कापायची. मधेच सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या तर लगेच सांगायचं. आज डॉक्टर अनिमांनी नवा धरला — गाठीच्या जागी काळं भगदाड! जरीतल्या धातूने फोटो खाल्ला. त्या म्हणाल्या, वेण्या सोडून परत या, गाठ वाढली की नाही ते यात कळत नाही. आईने मान हलवली.

घरी पास्टर अडोमाको बसलेलेच. आमच्याकडे केळी तळली की त्यांना चर्चमध्ये वास येतो. त्यांनी फोटो खिडकीशी धरला. आधी पांढरं होतं, आता काळं. "देवाने पुसून टाकली." आईने डॉक्टरांनी परत बोलावलंय एवढंच सांगितलं, दोऱ्याचं नाही. ते म्हणाले, परत फोटो काढणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं. नापास होईल अशी भीती असेल!

१९ मार्च, रविवार
आभाराची प्रार्थना. आई पांढऱ्या कपड्यांत. काय नाचली! रुमाल फिरवत, घामाघूम, पार पुढे जाऊन. मला लाज वाटली. सगळ्यांनी माझं डोकं चाचपलं, पिकलंय का बघायला आंबा चाचपतात तसं. मॅडम दारात उभी राहून सांगत होती, वेण्या मी घातल्या हो.

२१ मार्च
गिऱ्हाइकं सोनेरी दोरा मागताहेत. दोरा संपला.

२५ मार्च
आई पहाटे माझ्या मागे येऊन बसली आणि वेण्या सोडायला लागली. पास्टरांना काय सांगणार, मी विचारलं. तिने पुढची वेणी हातात घेतली. शेवटची वेणी सुटल्यावर एवढंच म्हणाली, "चल."

३० मार्च
नव्या फोटोत गाठ आहे. वाढलीये. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.

बाहेर बाकावर आईला म्हटलं, झाला ना तुझा चमत्कार? ती म्हणाली, "गाठ गेली नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. रोज सकाळी नळ सोडून ओकतेस. तरी ऐकू येतं मला."

"मग नाचलीस कशाला?"

"एक रविवार हवा होता गं मला."