कुरणातली मेंढी आणि फ्रेमवाली

२ तारीख, सकाळ
संकल्प : या महिन्यात फ्रेमवालीला मागणी घालायची. ऑफिसखालच्या तिच्या दुकानातून वर्षभर नुसती कॅलेंडरं फ्रेम करून घेतोय. पुरे झालं. पण तोंडाने विचारणं हे सामान्यांचं काम. मी चित्रातून विचारणार. लायब्ररीतून चित्रांतल्या फुलांच्या अर्थांवरचं जाडजूड पुस्तक आणलंय. सूर्यफूल म्हणजे निष्ठा. लिली म्हणजे निर्मळ मन. कुरणातली मेंढी म्हणजे साधा, प्रेमळ जीव. म्हणजे मीच.

६ तारीख
चित्र झालं. मध्ये मेंढी, चारी कडांना सूर्यफुलं. ताईने विचारलं, कुरणात उशी कोणाची राहिली? थोरली बहीण म्हणून तिला माफ केलं. गाढवाला गुळाची चव काय!

७ तारीख, संध्या. ६.१०
दिलं! तिने चांगली अकरा सेकंद पाहिलं. मग विचारलं, ही दाढ दातांच्या दवाखान्यात लावायचीय का. मी अर्थपूर्ण हसलो.

११ तारीख
फ्रेम सुरेख. फक्त चित्राभोवती तिने माउंटचा रुंद पुठ्ठा लावलाय, त्याखाली सगळी सूर्यफुलं गडप. निष्ठा गेली, उशी उरली. मेंढी! मेंढी उरली.
हरकत नाही. दुसरं काढतो, सगळं मधोमध. खसखशीची लाल फुलंही घालणार. पुस्तकात तिथवर पोचलो नाही, पण इतकं लाल म्हणजे प्रेमच. शेंबडं पोरही सांगेल.

१६ तारीख
काय सांगू! तिला फुलांची भाषा येते!! चित्र बघताच चेहरा उतरला. हळूच म्हणाली, जुन्या चित्रांत ही फुलं चिरनिद्रेसाठी काढतात, घरी कोणी गेलं का? नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हणालो, काका. तिने माझ्या हातावर हात ठेवला. हातावर!! काळी फ्रेमही तिनेच निवडली. गाडी रुळावर आहे.

२० तारीख
ऑफिसात अडकलो. ताईने परस्पर काकांनाच फ्रेम आणायला पाठवलं. काकांनी दुकानात माझं नाव सांगितलं, नातंही सांगितलं. घरी आल्यापासून हसतायत, ठसका लागला तरी थांबत नाहीत. म्हणे फ्रेमवालीही पोट धरून हसली. मग काकांनी तिला सांगून टाकलं की पोरगा हे रंग तुझ्यासाठीच वाया घालवतोय. त्यावर तिचा निरोप : उद्या त्यांनाच पाठवा.
उत्तमच झालं! मेहनत सगळी माझ्या चित्रांची. उद्या जाऊन फक्त होकार घ्यायचा.

२१ तारीख
इस्त्रीचा शर्ट घातला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तिने हातातली पट्टी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, तुम्हाला मला काही सांगायचंय का.
वाक्य पाठ होतं. ऑफिसच्या जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं.
म्हणालो, भिंतीसाठी एक खिळा मिळेल का.
तिने दिला. लगेच नाही दिला. आधी थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबली होती.