मडकं कुणी फोडायचं

७ डिसेंबर २०२४
संग्रहालयातला आजचा उत्खननाचा तास पार फसला! दोष माझाच.

पद्धत सोपी. एकानं नवं मडकं फोडायचं, खापरं वाळूच्या पेटीत पुरायची, बाकीच्यांनी ब्रशनं वाळू झाडत शोधायची आणि डिंकानं जोडायची. आठवीतली ज्ञानेश्वरी आल्यापासून हात वर करून बसली होती. तिला मडकं दिलं. घेतलं आणि नुसती उभी, छातीशी धरून! मुलं हसायला लागली. मीही म्हणाले, लेकरू आहे का ते? शहाणीच मी! शेवटी वेळ जातोय म्हणून तिच्या हातातून काढलं आणि प्रेमला दिलं. त्यानं झटक्यात फोडलं, टाळ्या पडल्या. ती अनवाणीच निघून गेली.

चपला माझ्या टेबलाखाली आहेत.

८ डिसेंबर
झाडलोटीला येणाऱ्या सिताबाईंना विचारलं, ज्ञानेश्वरीचं घर कुठं? कशाला ते सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. पोरीचा बाप दिवाळीच्या आधी वारला म्हणे; दादा दादा करत सारखी त्याच्या मागं असायची.

"मसणवाट्यात मडकं फोडत्यात, मॅडम. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. पण आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. लोहाऱ्याला आमचे आप्पा गेले तेव्हा मडकं फुटलं नाही. म्हणून सुचलं नाही — हे कारण सकाळपासून मलाच देतेय. बाप गेलेल्या पोरीला मडकं फोडायला सांगितलं, वर हसले! लाज वाटते स्वतःची.

१० डिसेंबर
चपला पिशवीत घालून गेले. आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. या म्हणाली, चहा टाकला. मी शाळेचं बोलले, थंडीचं बोलले. भिंतीवर हार घातलेला फोटो — तिकडं बघवेना. चपला दाराशी ठेवल्या आणि निघाले. माफीचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. ज्ञानेश्वरी आतच होती, बाहेर आली नाही. भित्री कुठली मी!

११ डिसेंबर
ठरलं. तासाला मडकं फोडणं बंद. कुंभाराकडून फुटकी खापरंच आणायची.

१३ डिसेंबर
उद्या पुन्हा तास. ती येणार नाही. मीच घालवली.

१४ डिसेंबर
आली! मुलं जमायच्या आधीच. मी म्हटलं, "तुला मडकं फोडायला लावलं गं. चुकलं माझं."

"फोडायला कुठं लावलं, मॅडम? काढून घेतलं की. म्या फोडणारच होते. आधी मनात दादांचं नाव घेत होते." मग खाली बघत म्हणाली, "मसणवाट्यात बी असंच. म्या धरलं होतं. पोरीनं फोडायचं नसतंय म्हणून तामलवाडीच्या चुलतभावाकडं दिलं."

आठवडाभर मी भलत्याच गोष्टीची लाज धरून बसले होते.

कपाटात एक मडकं उरलं होतं. ते तिच्या हातात दिलं आणि गप उभी राहिले.